तीन घंट्यांच्या आत

"भाऊ, लवकर करा ना! बाराला यांचा फोन येतो." खांबाखाली उभी कुंदाबाई तिसऱ्यांदा म्हणाली.

खांबावर चढलेल्या भटू लाइनमनला हसू आलं. अर्ध्या पिंप्राळ्याचे फोन सकाळपासून बंद, पण ओरड हिची एकटीची. "भलतं प्रेम शे, ताई, तुमनं!"

कुंदाबाई हसली नाही. "तार तुटली तरी तिकडे धुळ्यात त्यांना घंटी ऐकू येते. त्यांना वाटतं, मी घरात नाही. तीन घंट्यांच्या आत उचलावाच लागतो. मागच्या महिन्यात असंच झालं. संध्याकाळी येऊन अंगावर रॉकेल ओतलं. शेजारच्या बेबाबाई धावल्या म्हणून वाचले. आता पुढच्या खेपेला जिवंत सोडणार नाही म्हणालेत."

भटूचं हसू कुठल्या कुठे गेलं. हात भराभर चालू लागले. बाराच्या ठोक्याला जोड लागली. कमरेचा तपासायचा फोन तारेला लावून तो सवयीने म्हणाला, "हॅलो!" पंधरा वर्षांत हॅलो म्हटल्याशिवाय तो कधी खांबावरून उतरला नव्हता.

घरातली घंटी अर्धीच वाजून थांबली; आलेला फोन खांबावरच उचलला गेला होता. कुंदाबाई आत धावली. भटूच्या कानात तिचा धापा टाकणारा आवाज आला, "मी घरातच आहे हो."

"तुझ्याआधी बोलला तो कोण?" पलीकडून नवऱ्याने विचारलं.

भटू घाईने म्हणाला, "साहेब, मी लाइनमन. खांबावरून बोलतो."

"अस्सं? बरं झालं, भाऊ." आवाज एकदम गोड झाला. "कुंदा, दार लावून बस. मी निघालोच."

स्वतःच्या जिभेला शिव्या घालत भटू खाली उतरला. कुंदाबाई दारात आली होती. चेहरा पांढराफटक. "त्यांना खरं वाटलं नाही, भाऊ."

"माले समजनं, ताई. अडीच तास शेतस हातात. माहेर कोठलं?"

"फैजपूर. दोघे भाऊ आहेत तिथे."

"मंग चला. फैजपूरनी गाडीमा बसाडी देस."

तिने चपला घातल्या. तेवढ्यात आत फोन वाजू लागला. ती जागच्या जागी थिजली. पाय आपोआप घराकडे वळले. एक. दोन. तिसऱ्या घंटीला तिचा हात कडीवर होता. भटूने फाटक उघडून धरलं.

चौथी घंटी वाजली तेव्हा ती फाटकाबाहेर होती.