हजेरी

सुवर्णाने घरच्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकायला घेतली, तेव्हा तिचे सासरे दगडूअण्णा कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर जुन्या प्रोग्रामांची नावं लिहीत बसले. लालबागच्या गिरणीतली त्यांची नोकरी संपात गेली, तेव्हापासून ते कुणाच्या शब्दावर विसंबत नसत.

"अण्णा, नुसती विंडोज बदलतेय. प्रोग्राम जागच्या जागी राहतात."

"बघू."

दोन तासांनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. अण्णांनी चष्मा चढवला, कागद डोळ्यांसमोर धरला आणि गिरणीतल्या हजेरीच्या कारकुनासारखा आवाज लावला.

"मराठी टायपिंग!"

"हजर," सुवर्णा हसू दाबत म्हणाली.

"कुंडली!"

"हजर."

"पत्त्यांचा खेळ!"

"हजर, साहेब. तुमचा लाडका ना, सगळ्यांच्या आधी आलाय."

शेवटच्या नावापुढे खूण करून अण्णांनी कागदाची घडी घातली.

"एकाचाही खाडा नाही?"

"एकाचाही नाही."

"म्हणजे सगळ्यांना परत कामावर घेतलं," अण्णा म्हणाले. "पोरी, दीड वर्ष संप करून आम्हाला जे जमलं नाही, ते तू दोन तासांत केलंस."