दुधाळ आभाळ

वैशाख लागला तरी मिठागरात पाणी तसंच साचून होतं, मीठ धरत नव्हतं. गंधाली बांधावर वडिलांशेजारी बसली. उंच हवेत धूळ फवारून ऊन कमी करण्याचा जागतिक करार झाला, तेव्हा देशाच्या बाजूने तीच वाटाघाटींना बसली होती. तेव्हापासून आभाळ असं दुधाळ झालं होतं.

"आपल्यासारख्यांबद्दल कुणी बोललं नाही का तिथे?" वडिलांनी विचारलं.

"मी बोलले, बाबा. ज्यांनी पृथ्वी तापवली त्यांनीच झळ सोसावी, असं मी म्हटलं. बेटांवरचे लोक म्हणाले, आधी बुडणाऱ्याला वाचवा, दोष कुणाचा ते मागाहून बघू. त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी सगळ्यांच्या डोक्यावर सारखीच सावली, एवढ्यावरच सह्या जमल्या."

"बेटं वाचली?"

"वाचली."

"बरं झालं. आणि आपलं ऊन परत कधी?"

"करार तीस वर्षांचा आहे, बाबा."

सत्तरी ओलांडलेले वडील उठले. फावडं घेऊन ते खाली उतरले आणि आजोबांनी घातलेला बांध फोडू लागले. खाडीचं पाणी आत शिरलं, मिठागर पुन्हा खाडी होऊ लागलं. गंधालीही बांधावरून खाली उतरली. मग ओढणी कमरेला खोचून तिने दुसरं फावडं उचललं.