सोमारीविरुद्धचा अर्ज

अर्जावर सही नव्हती. वहीच्या रेघी पानावर निळ्या शाईत लिहिलेला तो मजकूर पास्टर भूपेश यांनी आरमोरीच्या बसमध्ये तिसऱ्यांदा वाचला.

'कोसमटोल्याच्या सोमारीबाईला देवानं कोणताही अधिकार दिलेला नाही. तरी लोक तिला प्रार्थनेला बोलावतात. प्रार्थना करताना तिच्या मनात काहीच नसतं. पोरगी गेल्यापासून देव तिच्याशी बोलत नाही. मंडळीची फसवणूक होत आहे. तिला थांबवावे.'

चौकशीचं काम चर्चच्या समितीनं भूपेश यांच्याकडे दिलं होतं. असं काम त्यांनी याआधीही केलं होतं. कोणाचा अधिकार खरा आणि कोणाचा खोटा, हे ठरवायला त्यांच्याजवळ सतरा प्रश्नांचा छापील फॉर्म होता.

स्टँडवर देवाजी मोटरसायकल घेऊन उभा होता. कोसमटोल्यातल्या अकरा ख्रिस्ती घरांची प्रार्थनासभा बारा वर्षं तोच घेत आला होता.

"अजून घेता सभा?" भूपेश यांनी विचारलं.

"घेतो. चार जन येतात."

"बाकीचे?"

"सोमारीकडं जातात," देवाजी म्हणाला आणि त्यानं गाडीला किक मारली.

भूपेश यांना जे कळायचं ते तिथंच कळलं.

पहिलं घर प्रेमिलाचं होतं. तिचा नवरा केवळराम तळ्यावर मासे मारायला गेला होता, तिथंच कोसळून वारला. तिनं पाण्याचा गडवा समोर ठेवला आणि विचारलं तेवढंच सांगितलं.

"सोमारीबाई आली. बसून राह्यली. बोलली काही नाई."

"प्रार्थना केली?"

"केली. 'देवा, इथी ये,' एवढीच."

"त्यानं बरं वाटलं?"

"नाई." प्रेमिलानं गडवा त्यांच्याकडं सरकवला. "पन त्या दिवशी मी जेवली."

फॉर्ममध्ये जेवणाचा रकाना नव्हता. भूपेश यांनी समासात लिहून ठेवलं.

दुसरं घर कोलूचं. दोन महिने खोकत होता म्हणून त्यानं सोमारीला बोलावलं होतं. "म्हने, आंधी दवाखान्यात थुंकी तपासू, मंग प्रार्थना करू. संग आली माह्या. आता गोळ्या चालू हायेत."

"मी बरं करते, असं म्हणाली का कधी?"

"नाई. उलटी म्हने, मले ते येत नाई."

सोमारी तळ्याच्या पाळीवर जाळं सांधत बसली होती. चाळिशीची असेल. तिची रिंकू मागच्या श्रावणात सिकलसेलनं गेली, चौदाव्या वर्षी. भूपेश यांना पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला. काम मात्र थांबवलं नाही.

त्यांनी फॉर्म काढला.

"तुम्हाला कधी दर्शन झालं?"

"नाई."

"देवाची वाणी ऐकू येते?"

"आंधी येते असं वाटे. रिंकू गेली तवापासून नाई."

"प्रार्थना करताना काय वाटतं?"

तिनं जाळ्याचं फाटकं घर बोटांत धरून ठेवला. "काहीच नाई. पाय बधिर होते ना, दाबला तरी समजत नाई, तसं."

"मग लोकांकडे जाता कशाला?"

"बलावतात. मानूस रडून राह्यला, तर नाई कसं म्हनावं?"

"आणि मी थांबा म्हटलं तर?"

"थांबीन," ती लगेच म्हणाली. "तुमी तसं सांगा सगळ्याइले."

भूपेश यांनी ते आज्ञाधारकपणाच्या रकान्यात लिहिलं. सतराही प्रश्न झाले. अर्जातला शब्द न् शब्द खरा निघाला होता. नियमाप्रमाणं निकाल सोपा होता, तरी शेवटची चौकट त्यांनी कोरी ठेवली. प्रार्थना करताना त्यांना स्वतःलाही कित्येक वर्षांत काही वाटलं नव्हतं. त्यांना ते कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

परत निघण्याआधी देवाजीनं चहाला घरी नेलं. खाटेवर त्याची सभेची वही पडली होती. भूपेश यांनी ती उघडली. प्रत्येक रविवारचं वचन निळ्या शाईत लिहिलेलं होतं. त्यांनी खिशातला अर्ज काढून वहीशेजारी ठेवला.

"देवाजीभाऊ, अक्षर तुमचं आहे."

"माहंच हाय."

"बारा वर्षं सभा तुमची होती. लोक तिच्याकडं गेले. वाईट वाटणारच. पण सही न करता एका दुःखी बाईबद्दल असं लिहायचं?"

देवाजीनं कपातल्या चहाकडं पाहिलं. तो प्यायला नाही.

"दुसऱ्याच्या मनात काय असतं आणि देव कोणाशी बोलत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?" भूपेश यांनी विचारलं.

"मी लिवाले तयार नव्हतो, पास्टरसाहेब. तीनदा वापस धाडलं. चौथ्यांदा आली ते दारातच बसून राह्यली. उठेच ना."

"कोण?"

"सोमारी. तिले लिवता येत नाई. ते सांगत गेली, मी लिवत गेलो."

भूपेश यांनी अर्ज पुन्हा हातात घेतला.

"शेवटचं एक वाक्य तेवढं गाळलं मी," देवाजी म्हणाला. "'देवाजीभाऊचा अधिकार खरा हाय, लोकाइले त्याच्याकडं वापस पाठवा.' ते माह्या हातानं लिवनं झालं नाई."