वाटणीची पावलं

डॉक्टरांनी गुरुजींना रोज पाच हजार पावलं चालायला बजावलं, तशी कौसल्याकाकींनी पावलं मोजणारं घड्याळच आणून नवऱ्याच्या मनगटावर बांधलं. संध्याकाळी त्या आकडा बघायच्या. पण वरकुट्याच्या शाळेत दोन वर्ग सांभाळून ऑनलाइन माहिती भरताना गुरुजींचं खुर्चीतून उठणंच होईना. मग मधल्या सुट्टीत ते घड्याळ चौथीतल्या छकुलीच्या हाताला बांधायचे. “छकुले, माझ्या वाटणीचं पळून ये गं!” शाबासकीपायी छकुली खिचडी अर्धी टाकून मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या मारायची. सोमवारी वर्गात, खुर्चीतच गुरुजींच्या छातीत कळ आली आणि ते गेले. आईबरोबर छकुली त्यांच्या घरी गेली, तेव्हा काकी घड्याळ उराशी धरून रडत होत्या, “रोज पाच हजार पावलं चालायचे हो! एक दिवस चुकवला न्हाय. मग आसं कसं झालं?” छकुलीनं आपले पाय फ्रॉकखाली ओढून घेतले.