पुन्हा एकदा, मनापासून

डॉक्टर वॉलिंगफोर्ड म्हणजे स्थलांतरित स्त्रियांच्या मानसिक आघातांच्या मोठ्या तज्ज्ञ. समोरची बाई रडली की मान किती हलवावी, हेसुद्धा त्यांनी पुस्तकात लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी ह्यूस्टनमध्ये त्यांच्यासमोर होंडुरासहून आलेली मारिसेला बसली होती. हॉटेलात खोल्या साफ करणारी ही बाई अकरा वर्षांत पहिल्यांदाच सांगत होती, की सरहद्दीवरची नदी ओलांडताना धाकट्या बहिणीचा हात तिच्या हातातून कसा सुटला. दुभाषी नोएमी ते इंग्रजीत सांगताना दोनदा थांबली. डॉक्टरांची मान मात्र बरोबर हलत होती.

मारिसेला गप्प झाली, तेव्हा डॉक्टरांचं लक्ष रेकॉर्डरकडे गेलं.

"अरेरे, हा चालूच नव्हता! पुन्हा पहिल्यापासून सांगाल? अगदी असंच, मनापासून."

मारिसेलाने डोळे पुसले. "तुम्ही समोरच बसला होतात ना? मग माझ्या बहिणीचं नाव सांगा."

डॉक्टरांनी घाईघाईने वहीत पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'क्रमांक चौदा. प्रतिसाद उत्तम.'

मारिसेला पर्स उचलून चालू लागली.

"येसेनिया," नोएमी डॉक्टरांना म्हणाली आणि तिच्या मागोमाग बाहेर पडली.