पाच वर्षांचा कागद

अंबाबाईची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझ्या तांबड्या रश्श्याला चव येऊ नये.

माझा नातू इंद्रजित आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा बॅक. आठ वर्षं गोल अडवतोय, पण यंदा टीममधे घेणार की नाही, यावर दर मोसमाला तालीम त्याला शेवटच्या दिवसापर्यंत झुलवायची. "बघू, बघू." परवा मात्र तालमीचे अध्यक्ष स्वतः पेढे आणि पाच वर्षांचा करार घेऊन दारात! मी पेढा आधी मांजराला हुंगायला दिला.

"आजवर शाल-नारळावर भागवलंत, अध्यक्ष. आता काय शिजतंय?"

"बक्षीस हो, आजी. पोरानं फायनल वाचवली."

"फायनल उन्हाळ्यात झाली. आता दिवाळी आली."

मी चष्मा लावून करार दोनदा वाचला, कागद उजेडाला धरला. अध्यक्षांना घाम फुटला.

"खरं सांगतो, आजी. पलीकडच्या पेठेतली पोरगी बघताय म्हणं याला. जावई झाला की ते याला त्यांच्या टीममधे ओढणार. मग आमच्या गोलपुढं कोण उभं राहणार?"

इंद्रजित माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्या हातात पेन दिलं. "कर सही. माणसाचा जीव टांगून ठेवू नये."

अध्यक्ष गेल्यावर तो म्हणाला, "आजी, कुठली पोरगी?"

आता शप्पथ घेतलीय म्हणून सांगते. बाकी सगळं खरं, ती पोरगी तेवढी मी रचली. आणि गिरणीत अध्यक्षांच्या बायकोला सांगितली, "कुणाला बोलू नकोस हं," म्हणून.