समोरचं टेबल

औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावणारे आम्ही चौघं. कँटीनमधलं खिडकीकडचं टेबल आमचं. समोरच्या टेबलावर आमच्याच खात्यातली ती, एकटीच, डब्याशेजारी पुस्तक उघडून जेवायची. "काय मॅनेजरबाई, आज किती पानं चावलीत?" असं विचारून आम्ही एकमेकांना टाळ्या द्यायचो. बढतीच्या परीक्षेनं कुणाचं भलं झालंय, इथं सगळं वशिल्यावर चालतं, हे तिला जीव तोडून सांगायचो. ती हसायची आणि वाचत राहायची.

परवा ती खरोखरच मॅनेजर झाली. सत्काराआधी आमच्यातल्या अण्णांनी तिला बजावलं, "भाषणात आमचं नाव घे हं. इतकी वर्षं समोरासमोर बसून जेवलोय. माणूस संगतीनंच घडतो."

तिनं चौघांचीही नावं घेतली. म्हणाली, "पुष्कळदा वाटायचं, मरू दे ती परीक्षा, पुस्तक मिटून टाकावं. मग मी मान वर करून या चौघांकडे बघायचे आणि मुकाट्यानं पुढचं पान उलटायचे."

सगळ्यात जोरात टाळ्या आम्हीच वाजवल्या. अण्णांचे तर डोळे भरून आले. "बघा," ते म्हणाले, "विसरली नाही पोरगी!"